गोडाऊनमध्ये एंटरप्राइझ वाय-फाय बसवून घेतलं, इंदूरच्या एका घरगुती धंद्याचा रिव्ह्यू

इंदुरात कुणाला गोडाऊन, फॅक्टरी किंवा मोठ्या ऑफिसात चांगलं वाय-फाय बसवायचं असेल तर हे वाचा, जरा लांब झालंय पण मला स्वतःला घ्यायचं होतं तेव्हा असं मराठीत कुठे काही सापडलं नाही. आमचा एफएमसीजी डिस्ट्रिब्यूशनचा धंदा आहे, गादी (पेढी) सियागंजात आणि गोडाऊन देवास नाक्याकडे, लसूडियाला. पत्र्याचं मोठं शेड, आत लोखंडी रॅकच्या रांगा, एका बाजूला जिना चढून ऑफिस आणि पुढे गाड्या लागतात ते डॉक. मी ऑपरेशन्स बघते. काम विजयनगरच्या एका छोट्या सिस्टिम इंटिग्रेटर कंपनीकडून (वेगवेगळ्या ब्रँडचा माल आणून नेटवर्क उभं करून देणारे) करून घेतलं, एपी म्हणजे ॲक्सेस पॉइंट, वाय-फायचा सिग्नल देणारे डबे, रकस कंपनीचे घेतले, आता उन्हाळा पावसाळा दोन्ही काढून झालेत म्हणून लिहितेय.

आधी निकाल सांगून टाकते. सर्व्हिसला पाचपैकी चार. पैसे वसूल झाले का, तर हो, पण ज्या गोष्टींवर सगळे कोटेशन मागताना भांडतात (कोणता ब्रँड, वाय-फाय ६ का ७, किती जीबी स्पीड) त्यामुळे नाही. सर्व्हे, केबल आणि बसवून झाल्यावर कोण लक्ष देतं, या तीन ठिकाणी टाकलेला पैसा परत आला. बाकी डबा कोणत्याही चांगल्या कंपनीचा घ्या, चालेल.

काकांचा पहिला प्रश्न होता, "अगं, घरी एका राउटरवर चार मजले चालतात, इथे लाखांत कशाला जायचं?" प्रश्न अगदी बरोबर आहे आणि प्रत्येक मालक हाच विचारणार, म्हणून उत्तर नीट देते. घरी नेट दोन सेकंद अटकलं तर व्हिडिओ थांबतो आणि परत सुरू होतो, कुणाचं काही जात नाही. गोडाऊनमध्ये पोरगा हातात स्कॅनर घेऊन रॅकच्या रांगांतून फिरत असतो, प्रत्येक कार्टन स्कॅन झाला की ते लगेच सर्व्हरवर जातं, तिथून कन्फर्म आलं की पुढचं लोकेशन दिसतं. ते कन्फर्म अडकलं की पोरगा परत स्कॅन करतो, कधी एंट्री डबल पडते, कधी तो वैतागून कागदावर लिहून घेतो आणि संध्याकाळी कुणीतरी ते टाइप करत बसतं. आमच्याकडे आधी घरगुती राउटर आणि त्यावर रिपीटर लावलेले होते, दिवसभर एकच वाक्य ऐकू यायचं, "दीदी, मशीन फिर से घूम रिया हे." साध्या रिपीटरचं असं असतं की तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे बोलतो, म्हणजे स्पीड तिथेच निम्म्यावर येतो, रिपीटरला रिपीटर जोडला की संपलंच.

आणि दुसरी गोष्ट ई-इन्व्हॉइस. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर टर्नओव्हर असलेल्या आमच्यासारख्या धंद्यांना बी-टू-बी बिलाला (धंद्याकडून धंद्याला) सरकारी पोर्टलवरून आयआरएन, म्हणजे बिलाचा नोंदणी नंबर, काढावा लागतो, वर ई-वे बिल आहेच. नेटवर्क बंद पडलं की बिल होत नाही, बिल झालं नाही की भरलेली गाडी डॉकवर उभी, मागची गाडी रोडवर उभी, हमाल बसून. त्या उभ्या गाडीचा आणि बसलेल्या माणसांचा खर्च काकांना एका कागदावर मांडून दाखवला तेव्हा बोलणं पुढे गेलं. तुम्हीही घरात पटवायचं असेल तर एमबीपीएस वगैरे काढूच नका, गाडी किती वेळ उभी राहते तेवढंच दाखवा.

आता सर्व्हे, यावर मी जास्त लिहिणार आहे कारण खरं काम इथेच झालं. कोटेशन तीन-चार ठिकाणांहून मागवली. त्यातल्या एकाने ऑफिसात बसूनच एरियाचे स्क्वेअर फूट विचारले, त्याला कुठल्याशा आकड्याने भागलं आणि इतके एपी लागतील म्हणून मेल टाकला, शेडमध्ये पाऊलही नाही. त्याचं कोटेशन सगळ्यांत स्वस्त होतं आणि ते मी त्याच दिवशी बाजूला ठेवलं. ज्यांना काम दिलं त्यांनी आधी ड्रॉइंगवरून सॉफ्टवेअरमध्ये अंदाज काढला (एकाहाऊ नावाचं सॉफ्टवेअर असतं, या लाइनमधले बरेच लोक तेच वापरतात) आणि मग स्टँडवर एक एपी उंच चढवून, बॅटरीवर चालवून, प्रत्येक रांगेत लॅपटॉप घेऊन फिरून मोजलं.

गोडाऊनमध्ये माल हाच भिंत असतो. तेल, शॅम्पू, फिनाइल, कोल्ड्रिंक असं पाण्यासारखं काही भरलेलं असेल तर ते सिग्नल शोषून घेतं. नमकीन आणि चिप्सची पाकिटं आतून चंदेरी असतात, त्या फिल्मवर धातूचा थर असतो, त्यावरून सिग्नल आपटून परत येतो. रॅक लोखंडी, छत पत्र्याचं, म्हणजे सिग्नल चारी बाजूंनी उड्या मारत असतो. इंदूरसारख्या गावात, जिथे अर्ध्या गोडाऊनमध्ये नमकीनच भरलेलं असतं, हे प्रत्येकाने समजून घ्यायला हवं. त्यामुळे सर्व्हे रिकाम्या गोडाऊनमध्ये करून उपयोग नाही, दिवाळीआधी माल छतापर्यंत लागतो तेव्हा करा. आमच्या इंजिनियरने स्वतःहून सांगितलं की ताई, स्टॉक भरला की परत एकदा येऊन मोजतो, आणि आला. त्या दुसऱ्या मोजणीत शॅम्पूच्या रांगेत एक एपी वाढवावा लागला.

मोजायचं काय, तर डीबीएम, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायचं एकक. आकडा मायनसमध्ये असतो, शून्याकडे जितका जवळ तितका चांगला. स्कॅनर आणि व्हॉइस कॉलसाठी मायनस ६७ ही सगळीकडे मानली जाणारी मर्यादा आहे, त्याच्या खाली गेलं की रडारड सुरू. आम्ही पीओमध्येच (परचेस ऑर्डर) लिहून घेतलं की प्रत्येक रांगेत, हाताच्या उंचीवर, आमच्याच स्कॅनरवर मायनस ६७ किंवा त्याहून चांगलं दिसलं पाहिजे, तरच शेवटचा हप्ता. "आमच्याच स्कॅनरवर" हे शब्द महत्त्वाचे आहेत, इंजिनियरच्या महागड्या लॅपटॉपचा अँटेना चांगला असतो, त्यावर सगळं हिरवंच दिसतं.

अजून एक गैरसमज म्हणजे पॉवर वाढवली की रेंज वाढते. एपीची पॉवर फुल करून ठेवली तर स्कॅनरमध्ये सिग्नलच्या कांड्या भरलेल्या दिसतात पण काम होत नाही, कारण स्कॅनरचा रेडिओ छोटा असतो, त्याचा आवाज एपीपर्यंत पोचतच नाही. राजवाड्यावर लाउडस्पीकरवरून कुणी हाक मारली तर आपल्याला ऐकू येते, पण आपलं उत्तर त्याला जात नाही, अगदी तसंच. म्हणून पॉवर कमी आणि एपी योग्य जागी. शेडमध्ये चारी बाजूंना पसरणारे एपी छताला टांगले असते तर वर सगळे एपी एकमेकांनाच ऐकत बसले असते आणि खाली रांगेत कमी पोचलं असतं, त्यामुळे दिशा देता येणाऱ्या अँटेनाचे आउटडोअर मॉडेल रांगेच्या तोंडाशी लावून आतल्या बाजूला वळवले. ऑफिसात साधे आर ५५० आहेत, तिथे तेवढं पुरतं.

आउटडोअर मॉडेल आत का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. मे महिन्यात इंदुरात चाळीसच्या वर जातंच, आणि पत्र्याच्या लगेच खाली त्याहून बरंच जास्त असतं. ऑफिससाठीचे एपी साधारण ४० ते ५० डिग्रीपर्यंतच चालवायचे असतात, त्यावर गेलं की बंद चालू व्हायला लागतात नाहीतर लवकर मरतात. डेटाशीटमध्ये ऑपरेटिंग टेम्परेचर ही ओळ वाचल्याशिवाय शेडसाठी काही घेऊ नका, धूळही असतेच.

चॅनेलबद्दल थोडक्यात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि आजूबाजूच्या सगळ्या गोडाऊनचे राउटर तिथेच बसलेले असतात. आमच्याकडे २.४ फक्त एक-दोन एपीवर जुन्या लेबल प्रिंटरसाठी ठेवलंय, बाकी सगळं ५ गिगाहर्ट्झवर. २०१८ मध्ये सरकारने ५ गिगाहर्ट्झचा एकूण ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा लायसन्समुक्त केला, तेव्हापासून आपल्याकडे इथे भरपूर जागा आहे. चॅनेलची रुंदी मुद्दाम २० मेगाहर्ट्झ ठेवली, ८० नाही. माझ्या चुलत भावाने पहिल्याच दिवशी मोबाइलवर स्पीड टेस्ट केली आणि म्हणाला, ताई, हे तर घरच्यापेक्षा कमी आलं. येणारच. स्कॅनरला एका वेळी चिमूटभर डेटा लागतो, त्याला चॅनेल मोकळा आणि भरवशाचा हवा. रुंदी कमी केली की वापरायला जास्त वेगवेगळे चॅनेल मिळतात आणि एपी एकमेकांच्या पायात येत नाहीत. ज्यांच्याकडे डिझाइनवाले मोठमोठ्या फाइल्स ओढतात त्यांचं गणित वेगळं असेल.

वाय-फाय ७ घ्यावं का? त्याचं सर्टिफिकेशन जानेवारी २०२४ ला सुरू झालं, एपी मिळतात, पण त्याची खरी मजा ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहे आणि आपल्याकडे त्यातला खालचा ५०० मेगाहर्ट्झचा भाग मोकळा करायचे ड्राफ्ट नियम मे २०२५ मध्ये आले, घेण्याआधी आजची स्थिती बघून घ्या. शिवाय आमचे स्कॅनर वाय-फाय ५ आणि ६ चेच आहेत. स्कॅनर पाच-सात वर्षं चालतात, ते बदलेपर्यंत ७ चा आम्हाला काडीचा उपयोग नाही. त्या फरकाच्या पैशात चांगला स्विच (सगळ्या केबल एकत्र जोडणारा डबा) आणि फायबर आलं. नवीन ऑफिस उभं करत असाल, सगळे लॅपटॉप नवीन असतील, तर मात्र विचार करा.

केबलवर मी भांडले आणि भांडण कामाला आलं. बाजारात कॅट ६ च्या नावाखाली सीसीए केबल सर्रास मिळते, म्हणजे आत अॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. किंमत बरीच कमी असते म्हणून ठेकेदाराला मोह होतो. पण एपीला वीजही त्याच केबलमधून जाते, पीओई म्हणतात त्याला, आणि अॅल्युमिनियममध्ये रेझिस्टन्स जास्त असल्यामुळे लांब अंतरावर व्होल्टेज पडतं, केबल गरम होते आणि एपी कधीही रिस्टार्ट होतो, कारण मग सापडता सापडत नाही. ओळखायचं सोपं आहे, एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी निघाली की परत पाठवा. ३०५ मीटरचा डबा हातात घेतला की वजनावरूनही लगेच कळतं. आमच्याकडे केबल ओढायला इंटिग्रेटरने पुढे दुसऱ्याला सबकॉन्ट्रॅक्ट दिलं होतं, त्याच्या पहिल्या डब्यातली तार खरवडली तर पांढरी, मी काम थांबवलं, इंटिग्रेटरने वाद न घालता तो माल उचलला आणि शुद्ध तांब्याची आणली. त्यांच्या चार स्टारमधला एक यासाठी आहे. प्रत्येक पॉइंटचा फ्लूक टेस्टचा (केबल तपासायच्या मशीनचा) रिपोर्ट मागा, प्रिंट काढून फाइलला लावा.

तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर, त्यात काहीही करा. आमच्या नेटवर्कच्या रॅकपासून (जिथे मुख्य स्विच आहे) डॉक त्याहून लांब आहे, म्हणून तिथपर्यंत फायबर नेऊन एका बंद बॉक्समध्ये छोटा स्विच आणि त्याचा वेगळा यूपीएस ठेवला. फायबरचा अजून एक फायदा पावसाळ्यात कळतो, लोखंडी आवरण नसलेल्या फायबरमध्ये धातू नसल्यामुळे विजेचा झटका त्यातून पुढे जात नाही. जूनमध्ये इकडे कशी कडकडाट होते माहितीय ना, अर्थिंग नीट नसेल तर बाहेरच्या एका कॅमेऱ्यातून आत येऊन अख्खा स्विच जातो. आणि उंदीर! केबल उघडी सोडलीत तर उंदीर पहिल्या महिन्यात दर्शन देतील, सगळी पाइपातून न्या.

स्विच घेताना फक्त पोर्ट मोजू नका, पीओई बजेट बघा. २४ पोर्टचा स्विच, प्रत्येक पोर्टला ३० वॉटपर्यंत, असं लिहिलेलं असतं, पण एकूण बजेट बऱ्याचदा ३७० वॉटच्या आसपास असतं, म्हणजे सगळे पोर्ट एकदम पूर्ण वीज घेऊ शकत नाहीत. त्याच स्विचवर सीसीटीव्ही असेल तर रात्री कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड लाइट लागतात आणि ओढ वाढते. आमच्या इंजिनियरने याचा हिशोब आधीच करून कॅमेरे वेगळ्या स्विचवर टाकले, हे मला फार आवडलं, कारण रात्रपाळीत नेट का जातं हे शोधण्यात लोकांचे महिने जातात.

ब्रँडबद्दल. कोटेशनमध्ये सिस्को मेराकी, अरुबा, रकस, युनिफाय आणि ओमाडा असे सगळे आले. मेराकीसारख्यात सगळं क्लाउडवर, लायसन्स हा प्रॉडक्टचाच भाग आणि ते चालू ठेवावंच लागतं. ज्याच्या वीस गावांत ब्रँच आहेत आणि प्रत्येक ठिकाणी आयटीचा माणूस नाही, त्याला एका स्क्रीनवर सगळं दिसण्याची ती किंमत योग्यच आहे. आमचं एक गोडाऊन आणि एक गादी, आम्हाला दरवर्षीचा तो खर्च नको होता. युनिफाय आणि ओमाडा स्वस्त, स्वतःकडे ठेवलेल्या कंट्रोलरला (सगळे एपी सांभाळणारा) लायसन्स फी नाही, ऑफिस, क्लिनिक, कॅफेला मी बिनधास्त सुचवेन. रकसचं अनलीश्ड घेतलं कारण त्यात एक एपीच बाकीच्यांचा मास्टर होतो, वेगळा कंट्रोलर नको, आणि अँटेनाच्या बाबतीत त्यांचं नाव चांगलं आहे. सपोर्टचे पैसे वेगळे लागतात हे लक्षात ठेवा.

पण कंपनी कायम आहे तशी राहील असं धरून चालू नका. रकसच बघा, २०१६ मध्ये ब्रोकेडने घेतली, २०१७ मध्ये एरिसकडे गेली, २०१९ मध्ये एरिसच कॉमस्कोपने घेतली. अरुबा २०१५ मध्ये एचपीने घेतली, आता ती एचपी एंटरप्राइझकडे आहे, मेराकी २०१२ पासून सिस्कोकडे. मालक बदलला की लायसन्सचे नियम आणि मॉडेलची लिस्ट बदलू शकते, त्यामुळे मॉडेलची विक्री आणि सपोर्ट कधीपर्यंत हे कोटेशनसोबत लेखी मागा. आणि डब्ब्यावर भारतातलं ईटीए अॅप्रुव्हल (वायरलेस मालाला लागणारी सरकारी मंजुरी) असलेलाच माल घ्या, ग्रे मार्केटमधला स्वस्त पडतो पण वॉरंटीच्या वेळी कुणी ओळख दाखवत नाही.

खर्चाचं सांगायचं तर आकडा प्रत्येकाचा वेगळा येणार, पण वाटणी सांगते. आमच्या एकूण बिलात एपी अर्ध्याच्याही खाली होते. उरलेलं स्विच, फायबर, केबल, पाइप, यूपीएस, उंचीवर काम करायला सीझर लिफ्टचं भाडं आणि मजुरी. लिफ्टचं भाडं वाचवायला बांबूच्या शिडीवर माणसं चढवू देऊ नका, मी तेवढं कडक सांगितलं होतं. जीएसटी १८ टक्के, त्याचं इनपुट क्रेडिट मिळतं. काकांना मी पाच वर्षांचा हिशोब दिला, त्यात एएमसी (वर्षाचा देखभालीचा करार), एक स्पेअर एपी आणि यूपीएसच्या बॅटऱ्या एकदा बदलणं धरलं. फक्त पहिल्या बिलावर तुलना केली तर स्वस्तवालाच जिंकतो आणि तिसऱ्या वर्षी तोच महाग पडतो.

आता एक गोष्ट जी सेल्समध्ये कुणी बोलत नाही. एका एपीवरून दुसऱ्यावर कधी जायचं हे एपी ठरवत नाही, स्कॅनर ठरवतो. स्वस्त किंवा जुना स्कॅनर लांबच्या एपीला धरून बसतो, जवळचा सोडून. त्यामुळे नेटवर्क कितीही चांगलं असलं तरी स्कॅनरमधली रोमिंगची सेटिंग करावी लागते. आमच्या इंजिनियरने दोन दिवस केवळ यातच घातले, पोरांबरोबर ट्रॉली ढकलत फिरला. ८०२.११ आर चालू केलं की एपी बदलताना परत पूर्ण लॉगिन होत नाही, झटक्यात होतं, पण आमच्या जुन्या लेबल प्रिंटरना ते झेपत नव्हतं, ते जोडलेच जाईनात, म्हणून त्यांना वेगळं नाव दिलं. नावं म्हणजे एसएसआयडी पण तीन-चारच्या वर करू नका, प्रत्येक नावाची दवंडी प्रत्येक एपी सेकंदाला साधारण दहा वेळा पिटत असतो, त्यातच हवा भरून जाते.

सिक्युरिटीत सगळ्यांत मोठा फरक पडला. आधी एकच पासवर्ड होता, तो सगळ्या ड्रायव्हरांना, ट्रान्सपोर्टवाल्यांना, सोडून गेलेल्या पोरांना माहीत. रकसमध्ये डीपीएसके म्हणून सोय आहे, नाव एकच पण प्रत्येक डिव्हाइसची किल्ली वेगळी, स्कॅनर हरवला की तेवढीच किल्ली रद्द. ऑफिसचे लॅपटॉप, कॅमेरे, स्कॅनर आणि पाहुणे वेगवेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे एकाच नेटवर्कचे वेगळे केलेले कप्पे. ड्रायव्हरांसाठी गेस्ट चालू आहे पण तिथून आमच्या सर्व्हरपर्यंत पोचता येत नाही. सर्ट-इनच्या (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, ते कुठे साठवायचे हे आधीच ठरवून घ्या. गेस्टला ओटीपी देऊन मोबाइल नंबर गोळा करत असाल तर २०२३ चा डेटा प्रोटेक्शन कायदाही लक्षात घ्या, गरज नसेल तर गोळाच करू नका असं माझं मत.

इंटरनेट हा वेगळा विषय आहे, वाय-फाय उत्तम आणि बाहेरची लाइन मेली तर आयआरएन निघणार नाहीच. आम्ही एक फायबरची लाइन आणि दुसऱ्या कंपनीचं ५जी एअरफायबर ठेवलंय, एक गेलं की फायरवॉल आपोआप दुसऱ्यावर नेतो. दोन्ही लाइन एकाच खांबावरून येणाऱ्या घेऊ नका, जेसीबीने खोदलं की दोन्ही जातात.

तक्रारी. एक स्टार कापला तो हँडओव्हरसाठी. काम झाल्यावर कोणती केबल कुठे जाते याचं ड्रॉइंग, लेबलं आणि अॅडमिन पासवर्ड मिळायला फार मागे लागावं लागलं. मधेच आमचा इंजिनियर नोकरी सोडून गेला, नवीन आलेल्या दादाला काहीच माहीत नव्हतं, बिचारा रॅकमधली एकेक वायर शोधत होता. एएमसीमध्येही पहिल्यांदा "लवकरात लवकर" असं लिहिलेलं, मी ते खोडून साइटवर पोचायचे तास लिहायला लावले. स्वभाव चांगला, काम चांगलं, कागद कच्चे, असं आहे. इंदुरातल्या बऱ्याच छोट्या कंपन्यांचं हेच बघितलंय, दोन चांगल्या माणसांवर अख्खी कंपनी चालते.

फायदा काय झाला तर स्टॉकची मोजणी आता काम चालू असतानाच होते, रविवारी सगळ्यांना बोलवावं लागत नाही. कागदावर लिहून रात्री टाइप करणं बंद. चुकीचा माल गेल्याचे फोन बरेच कमी झाले, आणि डॉकवरची गाडी बिलासाठी थांबत नाही. यात थोडा वाटा नवीन सॉफ्टवेअरचाही आहे, सगळं श्रेय वाय-फायला देणं चुकीचं होईल, पण ते सॉफ्टवेअर जुन्या राउटरवर एक आठवडाही टिकलं नसतं. पोरं खूश आहेत हे माझ्यासाठी मोठं आहे, दिवसभर मशीनशी झगडणारा माणूस संध्याकाळी कसा घरी जातो ते मी बघितलंय.

कुणी घेऊ नये? सियागंजातलं किंवा मारोठियातलं एका मजल्याचं दुकान, दोन बिलिंग कॉम्प्युटर, त्यांनी बिलिंगला सरळ वायर ओढावी आणि एक चांगला राउटर ठेवावा, कुणी लाखाचं कोटेशन देत असेल तर नमस्कार करून पाठवा. जिथे माणूस डिव्हाइस घेऊन फिरत काम करतो आणि त्याचं थांबणं म्हणजे धंद्याचं थांबणं, तिथेच हा खर्च करा.

आम्ही पालद्याला दुसरं गोडाऊन घेतोय, काम याच लोकांना देणार आहे. फक्त यावेळी पीओत शेवटचे दहा टक्के हे ड्रॉइंग, लेबल, पासवर्ड आणि कॉन्फिगरेशनचा बॅकअप हातात आल्यावरच, आणि दुसरा सर्व्हे माल भरल्यावर, ही दोन्ही कलमं मी आधीच टाकली आहेत आणि त्यांनी सही केली आहे.